खरखरवाले काका

नव्या फ्लॅटची वास्तुशांत असली की पाहुणे येतात, छताकडे बघून ‘पीओपी छान झालंय हं’ म्हणतात, जेवतात आणि जातात. त्यात एकच पाहुणा असा निघतो, जो हातातला पेढा तसाच धरून विचारतो, “या पट्ट्यांचा ड्रायव्हर कुठे बसवलाय?” घरमालक बिचारा खुशीत येऊन सांगू लागतो, की सोळा रंग बदलतात, रिमोट आहे, मंद-प्रखर होतं. पाहुण्याचं तिकडे लक्ष नसतं. हात मोकळा व्हावा म्हणून त्याने पेढा अख्खा तोंडात टाकलेला असतो आणि खिशातून काढलेला छोटा ट्रान्झिस्टर तो छताच्या कडेकडेने फिरवत असतो. कोपऱ्यात आला की ट्रान्झिस्टर चरचरतो. पाहुण्याच्या चेहऱ्यावर रोगनिदान झालेल्या वैद्याचं समाधान पसरतं.

हे खरखरवाले काका. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, कुठल्याही भागात मिळतात. सोसायटी मात्र जरा जुनी आणि काका निवृत्त असावे लागतात. नोकरी टेलिफोन खात्यात नाहीतर कारखान्याच्या मेंटेनन्सला झालेली असते. यांच्यात दोन पोटजाती. एक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. यांच्याकडे सरकारी परवाना असतो, ‘व्हीयू-टू’ने सुरू होणारं कॉल साइन असतं, गच्चीवर तार असते आणि त्या तारेवरून सोसायटीशी वैरही असतं. दुसरे नुसते श्रोते. ते सकाळी आकाशवाणी पुणे ऐकणार आणि तेही मिडियम वेव्हवर, 792 किलोहर्ट्झलाच ऐकणार. “काका, आता ॲपवर येतं की सगळं,” असं सुनेने सांगून पाहिलेलं असतं. “ॲपवर वेळेचे ठोके उशिरा पडतात. घड्याळ कशावर लावू?” या प्रश्नाला सुनेकडे उत्तर नसतं. खरं म्हणजे कोणाकडेच नसतं.

काकांचा राग दिव्यावर नाही, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. दिवा निष्पाप आहे. राग त्याच्या मागच्या डबीवर आहे. एलईडीच्या पट्टीला बारा व्होल्ट लागतात आणि घरात येतात दोनशे तीस. पूर्वी हे काम लोखंडी ट्रान्सफॉर्मर करायचा. तो जड, गरम आणि थोडा गुणगुणणारा, पण रेडिओला त्याने कधी त्रास दिला नाही. आताची डबी काडेपेटीहून जराशी मोठी. ती आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि जोडते. या तोडाजोडीचे पडसाद तिच्या पटीपटीत वर चढत जातात. काका हे पाढ्यात सांगतात. “डबी चालते समजा सहासष्ट किलोहर्ट्झवर. आता म्हणा, सहासष्ट बारे?” समोरचा कॅलक्युलेटर शोधत असतो. “सातशे ब्याण्णव! बरोब्बर आपल्या पुणे केंद्राच्या उरावर!” त्यात छताभोवती फिरवलेली पट्टीची तार आयती एरियल होते. घरमालकाने पैसे मोजून घरात प्रक्षेपण केंद्र उघडलेलं असतं. काकांच्या मते, तेही विनापरवाना.

शोधाचा पहिला नियम: सुरुवात आपल्या घरापासून. रेडिओ सेलवर लावायचा, मेन स्विच बंद करायचा. खरखर गेली तर गुन्हेगार घरातच. मग एमसीबी एकेक करून वर. हा प्रयोग दुपारीही करता येतो, पण खरखर ज्या दिव्यांची, ते संध्याकाळी लागतात; आणि संध्याकाळी काकूंची मालिका असते.

“अहो, आत्ता तिचा नवरा जिवंत निघणार होता!”

“दोन मिनिटं गं. हॉल निर्दोष आहे. आता देवघर.”

देवघरच दोषी निघतं. देव्हाऱ्यामागे मुलाने हौसेने लावलेली एलईडीची प्रभावळ, आणि तिचा अडॅप्टर बाजारातला सर्वांत स्वस्त. काकूंचा निकाल एका वाक्याचा असतो: “देव आधी, रेडिओ नंतर.” यावर तडजोड निघते. काका कपाटातून बारा व्होल्टची बॅटरी काढतात आणि प्रभावळ तिच्यावर जोडतात. डबी गेली, खरखर गेली. तेव्हापासून त्या घरातले देव बॅटरीवर आहेत आणि एकादशीला चार्ज होतात.

स्वतःचं घर शुद्ध झालं की काका जिन्यात उतरतात. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची कांडी आडवी असते. तिचं टोक उगमाकडे वळलं की आवाज सर्वांत बारीक होतो. म्हणून काका दिशा शोधतात ती खरखर वाढवून नव्हे, कमी करून. रेडिओ कानाला लावून जिन्याच्या वळणावर हळूहळू स्वतःभोवती फिरत. नवा वॉचमन पहिल्या दिवशी शिट्टी वाजवतो. जुना त्याला समजावतो, “ते रोज फिरतात.” मात्र कांडीची दोन्ही टोकं सारखीच असल्याने उगम समोर आहे की पाठीमागे, हे कळत नाही. मग दोन ठिकाणांहून दिशा घ्यायची, रेघा जिथे छेदतील तिथे जायचं. रेघा बहुधा तिसऱ्या मजल्यावर आयटीतल्या जोडप्याच्या हॉलमध्ये छेदतात.

इथे काकांचं कौतुक करावंसं वाटतं. भांडायला ते कधी जात नाहीत. पिशवीत पेचकस, टेस्टर आणि घरचा चिवडा घेऊन जातात. डबी उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि जोडप्यातल्या पोराला आत बघायला लावतात. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘एल 1’ असं छापलेलं असतं. शेजारी कॉइलसाठी दोन भोकं. आणि कॉइलच्या जागी त्या भोकांत वाकवून डाग दिलेला तारेचा तुकडा.

“बघितलंस? डिझाइन करणाऱ्याला सगळं माहीत होतं. खरखर अडवणारी कॉइल हीच. कारखान्याने दोन-चार रुपये वाचवले.”

पोरगा सॉफ्टवेअरमधला असतो. त्याला हे मनापासून पटतं.

उपाय काकांच्या दुसऱ्या खिशात असतो: फेराइटची कडी. ती बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणलेली असते, किंवा भंगारातल्या मॉनिटरच्या वायरीची गाठ फोडून काढलेली. दोन्ही तारा एकत्र धरून कडीतून वेढे घ्यायचे, आणि तेही डबीच्या अगदी जवळ. “एक वेढा म्हणजे एकपट अडथळा. तीन वेढे म्हणजे तीनपट नव्हे, नऊपट!” याने दिवा काडीइतकाही मंद होत नाही, कारण कामाचा प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो, त्याला कडी अडवत नाही, अडवते ती दोन्ही तारांवरून एकाच दिशेने निघालेल्या उनाड प्रवाहाला. पोराच्या आईला यातलं काही कळलेलं नसतं, पण काळी कडी आणि तिचे वेढे बघून तिला जे कळायचं ते कळतं. “काका, आमच्या नव्या गाडीलाही एक बांधा ना.” काका नाही म्हणत नाहीत. गाडीतल्या चार्जरचीही खरखर असतेच.

वार्षिक सभेत मात्र काका हरतात. ऐनवेळच्या विषयांत ते उठतात आणि मागणी करतात, की जिन्यात व पार्किंगमध्ये दिवे घेताना ‘सिस्पर 15’ या आंतरराष्ट्रीय मानकाचेच घ्यावेत. दिव्यांच्या रेडिओ-उपद्रवावर मर्यादा घालणारं हे मानक आहे आणि ते करणारी समिती 1934 पासून याच कामाला लागलेली आहे. सेक्रेटरी म्हणतात, “काका, 1934 साली आपली सोसायटी नव्हती.” हशा पिकतो आणि सभा टँकरच्या बिलाकडे वळते. काका बरोबर असतात हीच त्यांची अडचण. चुकीचे असते तर कोणीतरी त्यांच्याशी वाद घातला असता.

आणि त्यांचं यश दाखवता येत नाही. दिवे ज्याने लावले त्याचं घर उजळलेलं चारचौघांना दिसतं. काकांनी जे केलं ते दाखवायला ते शेजाऱ्याला घरी बोलावतात, रेडिओच्या पुढ्यात बसवतात आणि बोट उंचावतात.

“ऐका.”

“काय ऐकू?”

“काही ऐकू येतंय?”

“नाही.”

“मग!”

हा आनंद फार टिकत नाही, याला काकांचा स्वभावही कारण आहे आणि शास्त्रही. मोठी खरखर बंद झाली की तिच्याखाली दबलेली बारकी खरखर वर येते. ती गेली की तिच्याखालची. गच्चीवर सौर पॅनलचा इन्व्हर्टर बसला आहे, दिवाळीच्या माळा लागायच्या आहेत, शिवाय गणपतीच्या आराशीचे दहा दिवस वेगळेच. कालच रात्री बेल वाजली. दारात काका, कानाला रेडिओ.

“तुमच्याकडे माशांची टाकी आहे?”

“नाही हो.”

“निळा दिवा असलेली?”

“कुठलीच नाही.”

“मग वरच्यांकडे,” असं म्हणून ते जिना चढू लागले. लिफ्ट तिथेच उघडी होती. पण लोखंडी पेटीत 792 लागत नाही.