स्वतःच्या घरातला भाडेकरू

पुण्यात स्वतःच्या घरात राहणारा माणूस महापालिकेच्या हिशेबी दोन माणसं असतो: एक घरमालक आणि दुसरा त्याचा काल्पनिक भाडेकरू. ही अध्यात्मातली गोष्ट नाही, मिळकतकरातली आहे. हे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला वाजवी भाडं किती आलं असतं, ते कर विभाग ठरवतो, दुरुस्तीपोटी थोडं वजा करतो आणि उरलेल्या आकड्यावर बिल काढतो. भाडं तुम्ही कोणाला देत नाही, तुम्हाला कोणी देत नाही. कर मात्र त्याच भाड्यावर.

यावर उतारा म्हणून १९७० पासून स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत होती. ती इतकी मुरली होती की ही सवलत आहे, हेच लोक विसरले. लेखापरीक्षकांना मात्र आठवलं. आक्षेप निघाले आणि २०१९ मध्ये राज्य सरकारनं सवलत बंद केली. त्या एप्रिलपासून नव्यानं आकारणी झालेल्यांना पूर्ण दराची बिलं गेली. म्हणजे एकाच गल्लीत जुन्या वाड्यातले आजोबा घरात राहतात आणि समोरच्या नव्या इमारतीतलं कुटुंब बहुधा लॉजवर उतरलंय, अशी सरकारी समजूत झाली.

मग २०२३ उजाडलं. मार्चच्या सुरुवातीला सत्ताधाऱ्यांनी कसब्याची पोटनिवडणूक गमावली आणि पुढच्या काही आठवड्यांत सवलत परत आली. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे लोक खवचट असतात, असं म्हणतात. आम्ही जोडत नाही, नुसत्या शेजारी शेजारी ठेवतो.

आता देणारा हात रिकामा कसा परत जाईल? चाळीस टक्के परत देताना दुरुस्तीची वजावट १५ वरून १० टक्क्यांवर आणली. लाखभर रुपये भाडं धरलेल्या घराची करपात्र रक्कम पूर्वी ५१ हजार व्हायची, आता ५४ हजार होते. आणि सवलत लागलीच नाही, तर थेट ९० हजार. पुण्यातल्या घरांना दुरुस्ती कमी लागू लागली, हा शोध कोणत्या बांधकाम अभियंत्यानं लावला, त्याचा सत्कार व्हायला हवा.

ज्यांच्या बिलात सवलत लागलेली नाही, त्यांनी तिच्यासाठी पीटी-३ अर्ज भरायचा. सोबत आपण आपल्याच घरात राहतो याचा पुरावा: सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, रेशनकार्ड वगैरे. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. कर ठरवताना ज्या भाडेकरूची कल्पना महापालिका स्वतः करते, तो भाडेकरू घरात नाही हे सिद्ध करायचं काम मात्र तुमचं. मग पेठ निरीक्षक येऊन पाहणार. नवरा-बायको दोघं कामावर असतील आणि दाराला कुलूप असेल, तर त्या कुलपाला आपली बाजू मांडता येत नाही.

आकारणी चुकली वाटली तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. फक्त तो जरा लांब उभा असतो. आधी नोटिशीतल्या मुदतीत आयुक्तांकडे लेखी तक्रार. ती निकालात निघाली की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील, तेही पंधरा दिवसांत. आणि ज्या रकमेवरून भांडण आहे ती आधी महापालिकेकडे भरायची, मग भांडायचं. हॉटेलात आमटी खारट आहे म्हणायला आधी थाळीचे पैसे मोजावेत, तसं. थकवलंत तर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला चोवीस. एवढं व्याज कोणतीही बँक ठेवीवर देत नाही. थकबाकीदारांच्या दारात महापालिकेनं बँडही वाजवलाय. मुंज-लग्नाला परवडत नाही असा बँड फुकटात मिळतो, हा करदात्याला झालेला एकमेव प्रत्यक्ष लाभ म्हणता येईल.

मुंबईकरांनी हसू नये. त्यांच्याकडे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, म्हणजे रेडी रेकनर, अर्थात जागेचा सरकारी दर, वर गेला की न विकलेल्या घराचा नफा बिलात दिसतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी आहे खरी. ५०१ वाल्यांनी भिंत आत सरकवता येते का, ते पाहावं.

तेव्हा वाचकहो, बिल आलं की शेवटचा आकडा बघून कपाळाला हात लावू नका. आधी क्षेत्रफळ, वापराचा प्रकार आणि सवलतीची नोंद तपासा. चूक दिसली तर तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी आश्वासनावर आजवर कोणाचंही बिल कमी झालेलं नाही.