बिनपिकाचे बागायतदार

सीआरपीवाले काका मंडळाच्या गणपतीत लांबूनही ओळखू येतात. अंगात रेशमी झब्बा आणि डोक्यावर बियाणे कंपनीची टोपी. अमेरिकेत, डे मॉइनला नव्यानं आलेल्या एखाद्या पोराला गाठून ते सांगतात, "आपली शेती आहे हो इथं. ८० एकर!" पोरगा अदबीनं विचारतो, "काय लावलंय यंदा?" काका याच प्रश्नाची वाट बघत असतात.

"काही नाही. न लावण्याचे सरकार पैसे देतं."

काकांची जमीन आयोवाच्या दक्षिण टोकाला, रिंगगोल्ड काउंटीत. टेकड्यांचा मुलूख. तिथं नांगर चालवला की पावसाबरोबर माती ओढ्याला जाते. अशा जमिनी १० ते १५ वर्षं गवताखाली ठेवायच्या आणि मालकाला दरवर्षी भाडं द्यायचं, ही योजना १९८५च्या कायद्यानं आली. कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम, म्हणजेच सीआरपी. देशभरात वर्षाला दीड अब्ज डॉलरहून जास्त रक्कम यात वाटली जाते. अट मात्र मजेशीर आहे. २०१८च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे २०१२ ते २०१७ या ६ वर्षांपैकी ४ वर्षं तिथं पीक घेतलेलं असावं लागतं. न पिकवण्याच्या अर्जाला पिकवल्याचा दाखला! ते कष्ट आधीच्या मालकानं उपसले. काकांनी निवृत्तीच्या पैशातून कागद तेवढे नावावर केले.

मात्र 'पडीक' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "बिग ब्लूस्टेम आहे ते! माणूस बुडेल एवढं वाढतं." काटेरी तण माजू द्यायचं नाही, देवदारासारखी झुडपं घुसली की उपटायची, आणि १५ मे ते १ ऑगस्ट पाखरं अंडी घालतात म्हणून गवत कापायचं नाही. करार मध्येच मोडला तर आजवरचं भाडं व्याजासकट परत, वर दंड. त्यामुळे उपनगरातल्या सोफ्यावर बसून काका फोनवर रिंगगोल्डचा पाऊस बघत राहतात. "गवताला पाऊस कमी झाला म्हणून रात्रभर कूस बदलणारा शेतकरी मी आमच्याच घरात पाहिला," असं काकू म्हणतात.

ऑक्टोबरात भाडं जमा होतं. तो काकांचा खरा दसरा. त्या दिवशी श्रीखंड असतं आणि जेवताना हमखास महाराष्ट्रातल्या कर्जमाफीचा विषय निघतो. "फुकट खायची सवय लावली शेतकऱ्यांना!" काका वाटी पुढे करत म्हणतात. कोणी सीआरपीची आठवण दिलीच, तर ते दुखावतात. "ते अनुदान नाही. भाडं आहे. मी माती सांभाळतो."

आणि यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, हीच अडचण आहे. गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली आहे, ओढ्याचं पाणी निवळलं आहे, तितर-लावे परतले आहेत. काकांनी आयुष्यात केलेलं सर्वांत उपयोगी काम हे काही न करणंच असावं, अशी मला दाट शंका आहे. शेजारचा मका-सोयाबीनवाला मात्र त्यांच्या गवताकडे, लग्न न झालेल्या मुलाकडे बघावं तसं बघतो.

या अभिमानामागे एक जुना सल आहे. काकांच्या आजोबांची सातारा जिल्ह्यात २० एकर जमीन होती. आजोबा पुण्यात वकिली करायचे, राबायचं कूळ. १ एप्रिल १९५७ला कूळकायद्यानं ती जमीन कुळाची झाली. न कसल्याबद्दल घराण्याची जमीन गेली ती तिकडं, न कसल्याबद्दल डॉलर मिळतात ते इकडं. हा हिशेब काका सूड उगवल्याच्या समाधानानं मांडतात.

गेल्या वर्षी ते मुद्दाम गावी जाऊन आले. कुळाचा नातू त्याच रानात आल्याला पाणी देत होता. त्यानं बांधावर बसवून चहा पाजला आणि विचारलं, "तिकडं काय पिकवता, काका?" काकांनी कायदा, करार, गवत, पाखरं, भाडं सगळं सविस्तर सांगितलं. नातवानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमच्या आज्याचंच चाललंय की," तो म्हणाला. "सरकार तेवढं चांगलं गावलं."