आठ माणसं आणि एक माईक

अमेरिकेत सहा वर्षांच्या नातवालाही नुसतं "जेवायला बस" म्हणायची सोय नाही. "आत्ता जेवशील की दहा मिनिटांनी?" असं विचारायचं. त्याने तिसराच पर्याय काढला तर त्यावर घरात चर्चा होते. अशा देशात साठी-सत्तरीची धडधाकट माणसं इस्त्रीचे कपडे घालून, दाराशी पैसे देऊन, एका माणसाचे हुकूम झेलायला जमतात हे सांगितलं तर कुणाला पटेल? लेकीला तर मुळीच पटेना. सिअ‍ॅटलच्या आसपास ताजी मेथी कुठे मिळते ते ती झोपेत सांगेल. पण स्क्वेअर डान्स हे वॉशिंग्टन राज्याचं १९७९ पासून अधिकृत नृत्य आहे, याची तिला गंधवार्ता नव्हती.

आम्हाला या नाचाला नेलं शेजारच्या आजींनी. आजी म्हणायचं, पण वयाने आमच्याएवढ्याच. त्यांच्या झग्याखाली पेटिकोटांचे इतके थर होते की त्या गाडीत पुढे बसल्यावर गियर दिसेनासा झाला. आजोबांनी तो अंदाजाने शोधला. त्यांच्या गळ्यात टायऐवजी गोफासारखी दोरी आणि तिच्यावर चांदीचा खडेदार चाप. मागच्या सीटवर मी आणि ही, दोघंही स्वेटर-मफलरात. नाचायला निघालेल्या माणसांपेक्षा दवाखान्यात निघालेली माणसं जास्त दिसत होतो.

हॉलमध्ये लाकडी जमीन, टेबलावर बिस्किटं आणि कॉफीचा पिंप, भिंतीवर क्लबचा भरतकाम केलेला झेंडा. दारू औषधालाही नाही. आणि त्यामागे सोवळेपणापेक्षा हिशेब आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाचीच इथे त्रेधा उडते.

रचना ऐकायला सोपी. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना. स्टेजकडे पाठ असते ती पहिली जोडी, तिच्या उजवीकडे दुसरी, समोर तिसरी, उरली ती चौथी. पुरुषाच्या उजव्या हाताला त्याची जोडीदारीण. डाव्या हाताला जी येते ती त्याची ‘कॉर्नर’, बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची तरी बायको. त्या कॉर्नरशी डावा हात मिळवून वळसा घाला, असा हुकूम थोड्या थोड्या वेळाने सुटतो आणि तिचा नवरा त्याच वेळी आपल्या कॉर्नरशी वळसा घालत असतो. नवख्या नवरा-बायकोला एकत्र नाचू देत नाहीत. प्रत्येकाला मुरलेला जोडीदार देतात. अशांना इथे ‘एंजल’ म्हणतात. माझी एंजल गुडघा बदललेली होती आणि माझ्यापेक्षा दुप्पट चपळ.

माईक धरलेला माणूस तो कॉलर. त्याच्या तोंडून पुढे काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि सगळी गंमत त्यातच आहे. तो ऐन वेळी रचत जातो, आठही माणसं पिसून टाकतो, आणि शेवटी प्रत्येकाला अचूक आपापल्या माणसापुढे आणून उभं करतो. त्यासाठी मूळच्या एक-दोन जोड्यांचे चेहरे तो आधीच मनात टिपून ठेवतो. साठ-सत्तर हुकूम आले की माणूस पहिली पायरी चढला. १९७४ मध्ये कॉलर मंडळींनी संस्था काढून या हुकुमांच्या व्याख्या पक्क्या केल्या. त्यामुळे जपानमध्ये, जर्मनीत, स्वीडनमध्येही हुकूम सुटतात ते इंग्रजीतच, आणि पाय पडतात तेही तसेच. "डावीकडे" म्हटल्याबरोबर हॉलभरचे नवरे डावीकडे वळलेले पाहून ही लांबून ओरडली, "अहो, ह्यांचा नंबर घेऊन ठेवा!"

या नाचाची वंशावळ कोणत्याही खानदानाइतकीच गुंतागुंतीची आहे. घराणं इंग्लंडमधल्या गावनाचांचं आणि फ्रेंच दिवाणखान्यातल्या कद्रीलचं. तिथे मात्र आकृत्या नृत्यशिक्षकाकडून आधी पाठ करून यावं लागे. नाचता नाचता त्या ओरडून सांगायची रीत अमेरिकेत रुजवली ती काळ्या फिडलवादकांनी. त्यांतले कित्येक गुलाम होते. पुढे १९२०च्या दशकात हेन्री फोर्डला जॅझचा तिटकारा आला. त्यात ज्यूंविषयीचा विखारही होता. उतारा म्हणून त्याने हे जुने नाच काढले. बेंजामिन लव्हेट हा नृत्यशिक्षक मॅसॅच्युसेट्सहून डिअरबॉर्नला आणून ठेवला, नाचांचं पुस्तक छापलं, लव्हेटच्या नावाचा हॉल बांधला. ज्याच्या मोटारीत बसून गावची पोरं शहरातल्या जॅझकडे पळाली, तोच आता त्यांना परत बोलवत होता. आणि परत बोलवायला वापरलेली ती आरोळी मुळात कुणाची, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

अमेरिकेच्या संसदेनेही १९८२ मध्ये कायदा करून याला राष्ट्रीय लोकनृत्य ठरवलं. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सहीही केली. मुदत मात्र १९८२ आणि १९८३ या दोनच वर्षांची. ते कायमचं व्हावं म्हणून नंतर पुन्हा पुन्हा विधेयकं आली आणि पडून राहिली. नाचणाऱ्यांचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

तेवढ्यात आमचा चौकोन मोडला. सहा माणसं आत, एक भिंतीपाशी, आणि मी शेजारच्या चौकोनात नववा. असं झालं की वाद घालायचा नाही. समोरासमोर दोन रांगा करून उभं राहायचं आणि कॉलर "रांगा पुढे, रांगा मागे" म्हणाला की त्या लाटेबरोबर पुन्हा आत शिरायचं. कुणामुळे मोडला याची चौकशी होत नाही. आठ माणसांत गोंधळ झाला आणि समिती नेमली गेली नाही, हे पुण्याच्या माणसाला पचायला वेळ लागतो.

हिचा चौकोन एकदाही मोडला नाही. लहानपणापासून मंगळागौरी जागवलेल्या बाईला गिरकी आणि टाळी कुणी शिकवायची? गाण्यावरचा नाच सुरू झाला. त्यात प्रत्येक फेरीला बायका पुढच्या पुरुषाकडे सरकतात आणि चार फेऱ्यांनी घरी परततात. ही परतली तेव्हा चारही पुरुष तिला आपल्या क्लबात बोलवत होते. मला कुणी बोलावलं नाही. बिस्किटं मात्र आग्रहाने दिली.

परतताना आजींनी झेंड्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या क्लबात पाहुणे म्हणून जायचं, रीतसर पैसे भरायचे, रात्रभर नाचायचं आणि निघताना त्यांचा झेंडा पळवायचा. तो सोडवायला त्यांना आपल्याकडे नाचायला यावंच लागतं. पुढच्या शनिवारी आजींचा क्लब एका मोहिमेवर निघणार होता आणि एक माणूस कमी पडत होतं.

"आई, तू झेंडा चोरायला जाणार?" लेक किंचाळली.

"चोरायला नाही गं, पळवायला," ही म्हणाली. "त्या आजींना तेवढं विचार, पेटिकोटाऐवजी नऊवारी चालेल का म्हणावं. वळायला बरी आणि पळायलाही."