धरायचं कुठे?

लेथवर काम करणाऱ्याला लोक विचारतात, "एवढं अचूक कापता कसं हो?" कापण्यात काही नाही. कापतं टूल, फिरवते मोटर, मोजतो मायक्रोमीटर. माणसाच्या वाट्याला एकच प्रश्न उरतो : जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरायचा कुठे?

माझा सध्याचा जॉब म्हणजे एक उभं वाफेचं इंजिन, स्टुअर्ट १०व्ही. सिलिंडरचा बोअर पाऊण इंच, स्ट्रोक पाऊण इंच, फ्लायव्हील तीन इंची आणि उंची वीतभरही नाही. इंग्लंडात याचे बिडाचे कच्चे ओतीव भाग पेटीत घालून विकतात. तासणं, भोकं, आटे हे सगळं गिऱ्हाइकाने करायचं. थोडक्यात, पैसे मोजून काम विकत घ्यायचं. तिथे हा शौक चांगलाच मुरलेला आहे. पर्सिव्हल मार्शल यांनी त्यासाठी 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक काढलं ते १८९८ साली. माझी पेटी भाच्याने बॅगेतून आणली. लोकांचे भाचे मामीसाठी अत्तर आणि चॉकलेटं आणतात, आमच्याने बीड आणलं. ही गोष्ट मामीने अजून पोटात घातलेली नाही.

आमच्याकडे खरी अडचण वेगळी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबाकुट्टी केली, मग नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. म्हणजे मराठी लोखंड जन्मल्या दिवसापासून कामाला जुंपलेलं. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण पेटीत डोकावून विचारतो, "याच्यावर काय चालणार?"

"काही नाही. हेच चालणार."

मग तो सहानुभूतीने हिच्याकडे बघतो.

तर, धरण्याबद्दल. ओतीव भागाला एकही बाजू सरळ नसते. एक बाजू सरळ करायची तर तो कुठल्या तरी सरळ बाजूवर टेकवून धरायला हवा. रेशन कार्डासाठी लाइटबिल मागायचं आणि लाइटबिल नावावर करायला रेशन कार्ड, तसला हा प्रकार. कचेरीत निदान खिडकी तरी बदलून बघता येते. इथे हातात कानस घ्यायची, सर्वांत कमी वाकडी असेल ती बाजू निवडायची आणि तिला घासून घासून सरळपणाची दीक्षा द्यायची. बाकीच्या सगळ्या बाजू पुढे जन्मभर तिच्याकडे बघून सरळ होतात.

सिलिंडरला फोर जॉ चक लागतो. थ्री जॉ चकाचे तिन्ही जबडे एकदम सरकतात. त्यात गोल सळई घाला, किल्ली फिरवा, झालं. फोर जॉचा प्रत्येक जबडा स्वतंत्र बाण्याचा. जॉबला डायल टेकवायचा, चक हाताने फिरवायचा, काटा जास्त जाईल तिथला जबडा आवळायचा, समोरचा सैल करायचा. मग कळतं की उरलेले दोघे या व्यवहारावर नाराज आहेत. त्यांची समजूत काढेपर्यंत पहिले दोघे बिथरतात. काटा पाच-दहा मायक्रॉनवर स्थिरावला की चहा मागवण्याचा मुहूर्त, आणि नेमकी तेव्हाच हाक येते, "अहो, जरा मिक्सरचं झाकण निघत नाहीये."

बोअर एकदा झाला की मात्र सिलिंडर सुतासारखा सरळ वागायला लागतो. त्याला मँड्रेलवर, म्हणजे बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर, चढवायचं आणि दुसरी बाजू सपाट तासायची. बोअरवरूनच धरलेला असल्यामुळे ती बाजू बोअरशी काटकोनात येते, वेगळं काही करावं लागत नाही. पातळ चकती चकात दाबली तर वाकते. ती फेसप्लेटवर चक्क झटपट गोंदाने चिकटवायची, तासायची आणि गरम करून सोडवायची. हे ऐकून आमचे वरच्या मजल्यावरचे नाना इतके खूश झाले, की आपली कवळी घेऊन खाली आले.

टूल जॉबला नेमकं कधी टेकलं हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी सिगारेटचा कागद तेलाने जॉबवर चिकटवतात आणि टूल पुढे सरकवत नेतात. कागद सुर्रकन ओढला गेला की समजायचं, टूल आणि जॉब यांत साधारण पंचवीस मायक्रॉन उरले. आता जन्मात विडीला न शिवलेला मी त्या कागदांसाठी कोपऱ्यावरच्या टपरीवर उभा. "नुसते कागद?" टपरीवाल्याने विचारलं आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून आवाज खाली आणला, "काका, आत काय भरता?" मी म्हटलं, "काही नाही. बिडाला लावतो." ही बातमी मी घरी पोचायच्या आत घरी पोचली होती. विडीला की बिडाला, एवढा बारकावा सोसायटीच्या जिन्यात टिकत नाही.

इंजिन उभं राहिलं तेव्हा वाफेचा प्रश्न आला. बॉयलर हा वेगळा आणि जोखमीचा विषय. माझी नजर नुसती ओट्याकडे गेली. पाच लिटरचा कुकर, शिट्टी साधारण एक बारला... "नजर काढा तिथून," ही वरण घोटता घोटता म्हणाली. मागे वळूनसुद्धा न बघता. शेवटी गाडीच्या चाकात हवा भरायचा पंप जोडला. या इंजिनाला रिकामं फिरायला हवा फार लागत नाही. फ्लायव्हीलला बोटाने ढकलल्यावर ते खोकलं, अडखळलं, आणि चुकचुकत फिरायला लागलं.

नाना म्हणाले, "ॲव्हरेज किती देतं?"

ही मात्र टक लावून बघत होती. बराच वेळ. "शेवयांचं यंत्र ओढेल?"

"छे! एवढा जोर कुठला त्यात?"

"मग काय ओढेल?"

"फार तर तुझ्या शिलाई मशीनची बॉबिन भरेल."

ती आत गेली आणि रिकाम्या बॉबिनींचा डबाच घेऊन आली, वर पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. "भरा."

मी एक बॉबिन उचलून व्हर्निअर लावला. भोक साधारण सहा मिलिमीटर, कडा पातळ, जरा दाबली की चेपणार. बाहेरून धरण्यात अर्थ नव्हता, आतूनच फुलणारा चिरा दिलेला मँड्रेल करावा लागणार होता. तो करायचा तर आधी फोर जॉ चढवायला हवा. हिने चहा टाकला.