ऋतुराजांना कारणे दाखवा

प्रति,
ऋतुराज वसंत,
मु. पो. पंचांग (चैत्र-वैशाख)

विषय : आपल्या कारकिर्दीत लहान मुलांच्या घरांची होणारी ओढाताण व त्याबाबत आपला खुलासा.

महोदय,

स. न. वि. वि.

आपला पत्ता शोधण्यातच आमचा निम्मा फाल्गुन गेला. पंचांगात पाहावं तर आपली नेमणूक चैत्र-वैशाखाची. आपल्या नावाची पंचमी मात्र माघात, ऐन शिशिरात. रुजू व्हायच्या जवळजवळ दोन महिने आधी हारतुरे घेऊन मोकळं व्हायचं, ही पद्धत आमच्याकडे फक्त पुढाऱ्यांची आहे. हवामान खात्यात चौकशी केली, तर त्यांच्या दफ्तरी आपलं नावच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मॉन्सूनपूर्व काळ, मग मॉन्सून, मग मॉन्सूनोत्तर. चार खुर्च्या, चारही भरलेल्या. २०२२ चा मार्च तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यांत तापलेला मार्च ठरला. त्या वर्षी पाडवा होता २ एप्रिलला. म्हणजे आपण गाडीत चढायच्या आतच ग्रीष्माने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. आपण भांडलातही नाही.

आपण खरंच येता का, ही शंका आमच्या घरात आधी थोरलीला आली. ती दुसरीत आहे. शाळेतून ‘वसंत ऋतू : चित्र व पाच ओळी’ असा अभ्यास आला, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. वसंत म्हणजे कोण, तर ऋतूंचा राजा, एवढं सांगून मी पुढची पोळी घेतली. तिने राजा काढला. मिशा, तलवार, मुकुट, आणि कपाळावरून टपटप पडणारा घाम. बाईंनी लाल शाईने लिहिलं, ‘फुले कुठे आहेत?’ माझं म्हणणं, त्या घामाला अर्धा गुण तरी मिळायला हवा होता. अख्ख्या वर्गात खिडकीबाहेर पाहून काढलेलं ते एकमेव चित्र असणार.

आपली शिफारस फार वरून आलेली आहे, याची मला कल्पना आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात खुद्द श्रीकृष्णाने, ऋतूंमध्ये मी वसंत, असं सांगून ठेवलंय. कालिदासाने ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून सुरू केलं आणि आपल्याला सहाव्या, शेवटच्या सर्गात बसवलं. पंगतीत शेवटी जिलबी वाढावी तसं. पण त्या सहा सर्गांत कुठेही शाळेची बस येत नाही. कुणाची पाण्याची बाटली हरवत नाही. आपल्यावर लिहिणाऱ्यांनी प्रेमिकांचं, विरहिणींचं, भुंग्यांचंसुद्धा मन जाणलं. तीन वर्षांचं मूल कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने गॅस बारीक करणाऱ्या बाईचं मन जाणायला कुणाला सवड झाली नाही.

आणि मूळ जबाबदारी तर आपलीच आहे. आपण आणि आपले परममित्र मदन, दोघांची. त्यांच्या पाच बाणांपैकी एक आंब्याचा मोहर, म्हणजे माल आपल्या गोदामातला. काही वर्षांपूर्वी अशाच एका मार्चमध्ये, पुण्यातल्या एका टेकडीवर, आपण दोघांनी संगनमताने माझ्यावर आणि आत्ता कैरी किसत बसलेल्या या माणसावर बाण सोडलात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की बाण लागल्याची खात्री होताच दोघंही पसार झालात. लसीकरणाचं कार्ड, दात येतानाच्या रात्री, बालवाडीच्या प्रवेशाची रांग, यांतल्या एकाही ठिकाणी आपण दिसला नाहीत. कामाचा शुभारंभ करून फीत कापायची आणि देखभाल-दुरुस्ती लाभार्थ्यांनी करायची, हे धोरण कुठल्या शासन निर्णयात बसतं?

आता आपल्या प्रवक्त्याविषयी. आमच्या इमारतीमागच्या आंब्यावर तो पहाटे चारला सुरू होतो. पहिल्या ‘कुहू’ला धाकटा कूस बदलतो, तिसऱ्याला उठून बसतो आणि उत्तर देतो. मग कोकीळ एक सूर चढवतो, हाही चढवतो. माघार कुणीच घेत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी पूर्वी एकदा कोकिळेच्या आवाजाने त्यांना माहेरच्या, चुकले, आजोळच्या पहाटेची आठवण होते असं सांगितलं होतं; हल्ली ते जिन्यात भेटले की नुसते हसतात.

या पक्ष्याचं घरगुती वर्तन आपल्याला ठाऊक असेलच. गातो तो नर. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. नराने कावळ्यांची खोडी काढायची, ते त्याच्यामागे धावले की मादीने त्यांच्या घरट्यात शिरून अंडं घालून यायचं. ते अंडं कावळ्याच्या अंड्यांआधी फुटतं, म्हणजे पहिला घासही त्याचाच. त्यानंतर आईबाप दोघंही संगीतसेवेला मोकळे. ज्याने जन्मात एकदा पिल्लाच्या चोचीत घास भरवला नाही, त्याचा गळा गोड राहिला यात कसलं आलंय कौतुक? त्याला म्हणावं, सकाळी सव्वासातला दारात उभा राहा आणि ‘बूट घाल, अगं बूट, तो नाही दुसरा, अगं डावा’ एवढं रोज म्हणून दाखव. महिन्याभरात आवाज कावळ्याचा होतो. माझा झालाय. आणि गंमत बघा, उपमा द्यायची वेळ आली की गाणाऱ्या बाईला कोकिळा म्हणतात. पोरं वाढवणाऱ्या कावळ्याची आठवण लोकांना फक्त पिंडाच्या वेळी होते.

रंगांबद्दल थोडक्यात. आमच्याकडे खरा रंग रंगपंचमीचा. पण सोसायटीत धुळवडीलाही रंग खेळतात आणि मग चार-पाच दिवसांनी हक्काची पंचमी असतेच. म्हणजे चंदेरी रंगाचे तेच कान दोनदा घासायचे. पळसाच्या फुलांचा रंग करा, असं सुचवणाऱ्या मंडळींनी एकदा तो पांढऱ्या सोफ्यावरून काढून दाखवावा. गुढीपाडव्याला कडुनिंबाची चटणी : कोवळी पानं, फुलोरा, गूळ, ओवा, हिंग, जिरं, चिंच, सगळं रीतसर. थोरलीने गालात धरून ठेवली आणि गुढीला नमस्कार करताना नेमकी गुढीच्या नव्या खणावर सोडली. धाकट्याने साखरेची गाठी गळ्यातच ठेवून झोपायचा हट्ट धरला. रात्री मुंग्या आल्या. एवढंच.

खरी बाब चैत्रगौरीची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यावर बसते. महिनाभर! पुढ्यात कलिंगड, कैरी, पन्हं. तिला कुणी विचारत नाही, की आई माझा दुसरा मोजा कुठाय. आपल्या खात्यातली मला पटलेली ही एकच योजना, आणि तिची लाभार्थी लाकडी पाटावरची देवी.

तर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सासूबाईंनी आरास केली होती, नवरा कैऱ्या किसत होता, मी हरभऱ्याची डाळ भरड वाटत होते. ओट्यांसाठी भिजवलेले हरभरे परातीत निथळत होते. बायकांची ये-जा सुरू झाली, साड्यांच्या निऱ्यांमधून धाकटा वाट काढत फिरत होता. मग तो माझ्यापाशी येऊन, एखादा करार जाहीर केल्यासारखं, म्हणाला, “हलबला आत गेला.”

“खाल्लास ना, छान.”

“नाही. आत.” आणि त्याने नाकावर बोट ठेवलं.

पुढच्या काही मिनिटांत दिवाणखान्यात जेवढ्या बायका तेवढे उपाय निघाले. तपकीर हुंगवा. उलटा धरा. दुसऱ्या नाकपुडीतही घाला म्हणजे जोर येईल, असंही कुणीतरी म्हणालं. ते कोण, याचा तपास चालू आहे. सासूबाई मात्र गौरीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “चिमटा लावू नकोस. डॉक्टरांकडे जा.” मी तशीच, हाताला वाटलेली डाळ, मागच्या गल्लीतल्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी विजेरीने पाहिलं. भिजलेला असला तरी आतल्या ओलाव्याने तो आणखी फुगणार, आणि चिमट्याने ढकलला गेला तर मागे सरकणार, असं त्यांनी सांगितलं. मग मलाच कामाला लावलं. मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची, त्याच्या तोंडावर घट्ट तोंड ठेवायचं आणि एकच जोरदार फुंकर मारायची. कशी, किती, ते शेजारी उभं राहून दाखवलं. मी फुंकले. फट् आवाज झाला आणि हरभरा डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर जाऊन पडला, चांगला टपोरा. वैद्यकीय पुस्तकांत या युक्तीला चक्क आईच्या पापीचंच नाव आहे, हेही त्यांनी सांगितलं. ऋतुराज, वसंतातल्या चुंबनांची वर्णनं आपल्या कवींनी हजारोंनी केली आहेत. शेवटी हरभरा बाहेर पडणारं एकही माझ्या वाचनात नाही. धाकट्याला मात्र प्रकार आवडला. घरी येईपर्यंत तो विचारत होता, “पलत?”

एक गोष्ट आपल्या बाजूने नोंदवते, नाहीतर पत्र एकतर्फी म्हणाल. रविवारी आम्ही मुलांना त्याच टेकडीवर नेलं. पांगारा फुलला होता. मी पांगाऱ्याकडे बोट दाखवलं, दोघांनी बोटाकडे पाहिलं. पळस दाखवला, त्यांना त्याखालचं कुत्रं दिसलं. मग काटेसावरीच्या एका उकललेल्या बोंडातून कापूस सुटला आणि पोरं ‘म्हातारी! म्हातारी!’ करत अशी धावली, की मला त्यांच्यामागे चप्पल हातात घेऊन धावावं लागलं. थोरलीने एक म्हातारी मुठीत पकडून घरी आणली आणि पंख्याखाली सोडली. दोन दिवस ती आमच्या घरात पाहुण्यासारखी राहिली. कधी वरणाच्या वाटीपाशी, कधी टीव्हीवर. मी झाडू घेतला की थोरली किंचाळायची. त्यामुळे आपण पुण्यात येता, हे मी नाकारत नाही. फक्त ज्यांची उंची चार फुटांच्या आत आहे त्यांनाच भेटून परत जाता, आणि आमच्या वाट्याला केर ठेवता.

शाळेचं तर विचारू नका. पूर्वी एप्रिल अर्ध्यावर आला की परीक्षा संपून मुलं मामाकडे रवाना होत. २०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एका वेळापत्रकात आणल्या, त्या २५ एप्रिलपर्यंत चालल्या. बाहेर चाळिशीकडे चाललेलं ऊन, आत सहाचा पाढा. आणि मामा? तो इथेच बाणेरला राहतो, मामा-मामी दोघंही नोकरी करतात, आणि त्याची मुलं सुट्टीत आमच्याकडे यायची आहेत.

सबब, आमचं म्हणणं एवढंच. प्रवक्त्याने सकाळी सातच्या आत तोंड उघडू नये. पहिली हापूस पेटी बाजारात आल्याची बातमी, भाव उतरेपर्यंत मुलांच्या कानांवर जाऊ देऊ नये. झोपाळ्याची योजना मूर्तींपुरती न ठेवता हाडामासांच्या बायकांनाही लागू करावी. महिना नको, एक दुपार पुरे, पण मोज्यांची चौकशी बंद ठेवून. आणि यापुढे टेकडीवर कुठलंही जोडपं दिसलं, तर बाण सोडण्याआधी त्यांना आमच्या घरी सायंकाळी सात ते नऊ या वेळेत पाठवावं. चहा देऊ.

खुलासा पंधरा दिवसांत यावा. दुपारी एक ते तीन कुणीही बेल वाजवू नये, धाकटा झोपलेला असतो.

आपली नम्र,
दोन मुलांची आई

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : श्री. मदन. (शंकराने जाळल्यापासून त्यांना देह नाही. तरी पोच कुणाच्या सहीने घ्यावी, ते पोस्टमनला परस्पर कळवावे.)