यूशिवाय क्यू

इंग्रजीत क्यू आला की त्याच्या मागोमाग यू येतो, हे सगळ्यांनाच शाळेत शिकवतात. शिकलेलं ते पुढे ठरवून विसरणाऱ्या माणसाला स्क्रॅबलवाला म्हणतात. मोठ्या सोसायटीत असा एखादा नमुना सापडतोच. बहुधा बँकेतून निवृत्त झालेला, चष्मा कपाळावर चढवलेला. या वयात इतरांच्या खिशात गोळ्यांची यादी असते; याच्या खिशात यू नसलेल्या क्यूच्या शब्दांची असते.

आपण त्यांना नुसतं काका म्हणू. काकांचं बोलण्यातलं इंग्रजी बेताचंच. ग्राहकसेवेचा फोन आला आणि पलीकडची मुलगी इंग्रजीत सुरू झाली की फोन काकूंच्या हातात जातो. गळतीबद्दल सेक्रेटरीला पत्र लिहायचं तर ते शुद्ध, खणखणीत मराठीत. पण स्क्रॅबलचा १५ बाय १५ घरांचा पट मांडला की हाच माणूस थेट वेल्समध्ये पोचतो आणि तीनच अक्षरं ठेवतो : सी, डब्ल्यू, एम. समोर इंग्रजी माध्यमातला कुणाचा तरी नातू बसलेला असतो, तो फिदीफिदी हसतो. ‘‘काका, यात स्वर कुठंय?’’ काका शांतपणे म्हणतात, ‘‘कूम. डोंगरातली दरी. घे शब्दकोश.’’ एव्हरेस्टच्या वाटेवर वेस्टर्न कूम आहे, गिर्यारोहक मॅलरीनं १९२१ साली तिला ते नाव दिलं, हिलरी आणि तेनसिंग तिच्यातूनच वर गेले. काकांना याच्याशी कर्तव्य नसतं. त्यांना ते एवढ्याचसाठी ठाऊक, की नातू वाद घालायला लागला तर त्याला थेट हिमालयात नेऊन सोडता यावं. पुढच्या खेळीला ते सी-आर-डब्ल्यू-टी-एच लावतात. हे वेल्समधलं गजानं वाजवायचं तंतुवाद्य. काकांनी ते पाहिलेलं नाही, ऐकलेलंही नाही. १३ गुण.

अर्थ विचारलेला त्यांना खपत नाही. अगदीच खनपटीला बसलात तर त्यांच्याकडे तीन उत्तरं तयार असतात : ‘‘एक प्राणी असतो’’, ‘‘जुनं नाणं आहे’’ आणि ‘‘स्कॉटलंडमध्ये म्हणतात तसं.’’ गंमत म्हणजे दहातल्या सहा वेळा ते बरोबर निघतं. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. एक्स-यू हे व्हिएतनामचं नाणं. जे-ओ म्हणजे स्कॉटिश लोकांची प्रिया. हल्ली जो उठतो तो एआयवर बोलतो. काका तेवढ्यात तोंड घालून सांगतात, की एआय हा दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा आळशी प्राणी आहे आणि तो बरीच वर्षं पटावर चालतो. उलट अख्खं जग ज्याच्यावर चालतं ते ओके त्यांनी कैक वर्षं पोरांना लावू दिलं नाही. स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या कॉलिन्स यादीत ते २०१९ साली आलं. त्या दिवसापासून काका स्वतःही ‘ओके’ म्हणू लागले.

त्यांचं खरं वैभव म्हणजे क्यू. संचात तो एकच, १० गुणांचा. यू चार आहेत, पण ते नेहमी दुसऱ्याच्याच हातात असतात. इथे काकांच्या मदतीला चक्क आपला गाव येतो. फकीर, तलाक, वक्फ, कव्वाली हे शब्द आपण पिढ्यान् पिढ्या साध्या ‘क’नं बोलत आलो. अरबीतला तो घशातला ‘क’ रोमन लिपीत लिहिताना इंग्रजांनी क्यू वापरला आणि पुढे यू लावायचं कारणच उरलं नाही. पहिल्याच खेळीला कव्वाली लागली तर २२ चे मधल्या चांदणीमुळे ४४, सातही टाइल्स एकदम संपवल्याचे ५०, म्हणजे कमीत कमी ९४ गुण. मात्र त्यासाठी संचातले दोन्ही डब्ल्यू आपल्याच हातात यावे लागतात. काका त्या दिवसाची वाट पाहताहेत. हॉटेलच्या मेनूकार्डावर कोर्मा क्यूनं लिहिलेला दिसला की ते जेवण मागवण्याआधी मालकाला भेटून येतात.

हा खेळ काढला आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदानं, महामंदीत काम गेल्यावर. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्रांची पानं मोजून ठरवलं. अनेकवचनं लावून कुणी फुकटचे गुण कमावू नयेत म्हणून एस चारच ठेवले. स्क्रॅबल हे नाव १९४८ सालचं, ते दिलं जेम्स ब्रूनो यानं. बट्सची बायको नीना शिक्षिका होती आणि ती नवऱ्याला या खेळात हरवायची. इतिहासाचा एवढा भाग काका गाळतात. कारण काकू. त्या स्वयंपाकघरातून येताजाता एखादं ‘टी’, ‘कॅट’ लावतात, आणि नेमक्या तिप्पट गुणांच्या लाल घरावर लावतात.

काकांचं दैवत नायजेल रिचर्ड्स. न्यूझीलंडचा हा माणूस २००७ साली मुंबईत झालेली जागतिक स्पर्धा जिंकला. पुढे २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली जिंकली आणि २०२४ मध्ये स्पॅनिशमधलीही. दोन्ही भाषा त्याला बोलता येत नाहीत. नुसती शब्दकोशाची पानं डोक्यात साठवली आणि त्या त्या भाषेत जन्मलेल्यांना घरी पाठवलं. यावर कुणी म्हणालं, ‘‘मग त्याला भाषा आली कुठे?’’ तर काका दुखावतात. बोलण्यासाठी भाषा वापरणारे लोक त्यांना जरा उधळेच वाटतात.

मला मात्र हा माणूस आवडतो. शब्दाला सतत कामाला जुंपणाऱ्यांच्या गर्दीत हा त्याला नुसता मांडून बघतो.

तुमची अशा काकांशी गाठ पडलीच, तर क्यू शेवटपर्यंत हातात ठेवू नका. डाव संपताना तो उरला तर तुमचे १० गुण जातात आणि काकांनी आधी टाइल्स संपवल्या असतील तर तेच १० त्यांना मिळतात. पटावर कुठेही मोकळा आय दिसला की क्यू-आय लावून सुटा. चिनी विचारातली प्राणशक्ती, निदान ११ गुण. आणि तुमच्याकडे दोन डब्ल्यू आले, तर एखादा लवकर खेळून टाकू नका. काकांची कव्वाली तुमच्याच हातात अडकून राहू द्या.