वहीत वाघ, बाजारात म्हैस

मराठीत गणपतीपासून गुळापर्यंत सगळ्यांची स्तोत्रं आहेत, पण शाळेच्या प्रकल्पवहीची थोरवी अजून कोणी गायलेली नाही. खरं तर आपल्याकडचा इतका निर्दोष ग्रंथप्रकार दुसरा नसेल. प्रस्तावना, विषयाचं महत्त्व, उद्दिष्टं, अभ्यासपद्धती, निरीक्षणं, विश्लेषण, निष्कर्ष आणि ऋणनिर्देश, सगळं जागच्या जागी. निष्कर्ष आधीच ठरलेला असल्यामुळे निरीक्षणाची दगदग कोणाला पडत नाही. 'दिवसेंदिवस' म्हणून सुरुवात करायची, 'काळाची गरज आहे' म्हणून उठायचं. मधल्या पानांवर काय असतं हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं आणि तपासणाऱ्याला त्याची जरूर नसते. इतका परस्परविश्वास आता नवरा-बायकोतही उरलेला नाही.

या वहीचं खरं सामर्थ्य पाहायचं तर घोडेगावला यावं. नगरहून संभाजीनगरकडे निघालं की हायवेवर हे गाव लागतं. शनिशिंगणापूरला वळायचा फाटा इथलाच. शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो, लिलावाच्या दिवशी कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. ज्ञानेश्वरीचं नेवासा हे तालुक्याचं गाव. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांचं लक्ष अभ्यासावरून उडण्याची केवढी भीती! एखादं पोरगं सहज इकडेतिकडे बघायला लागलं, तर त्याला काहीबाही कळूनसुद्धा जायचं. ते प्रकल्पवहीनं होऊ दिलेलं नाही, हे तिचे थोर उपकार.

विषय चारच गठ्ठ्यांत असतात: साहित्य, इतिहास, निसर्ग, तंत्रज्ञान. हे वर्गीकरण शिक्षण खात्याचं नसून झेरॉक्सच्या दुकानाचं आहे, म्हणून ते टिकून आहे. जानेवारी लागला की दुकानापुढे चपलांचा ढीग पडतो.

"दादा, एक निसर्ग द्या."

"दहावीचा का बारावीचा?"

"फरक काय दोन्हींत?"

"बारावीला चार चित्रं जास्ती."

चार चित्रांत एवढा फरक सांगणारा माणूस अभ्यासक्रम मंडळावर हवा होता. पण गुणवान माणसं अशी फाट्यावर बसून लॅमिनेशन करत राहतात.

आता साहित्य घ्या. या गठ्ठ्यात 'माझे आवडते साहित्यिक' हा विषय पक्का, आणि त्यात कुसुमाग्रज पक्के. २७ फेब्रुवारी १९१२ ही जन्मतारीख, १९८७ चं ज्ञानपीठ, एक फोटो, पुस्तकांची यादी. यादीतलं पुस्तक वाचलेलं असलं पाहिजे अशी अट कुठेही नाही, ही या पद्धतीची माणुसकी. त्यातही कुसुमाग्रज नाशिकचे, म्हणजे सोयीस्कर अंतरावरचे. जवळचं साहित्य अडचणीचं असतं. नेवाशाचंच बघा ना. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असं परंपरा सांगते, तो पैसाचा खांब तिथं उभा आहे. त्याच्यावर शिलालेख आहे, आणि त्यात आहे काय? तर करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेलं दान. म्हणजे मराठीतल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाची पाठ एका तेलाच्या तजविजीला टेकलेली. दुर्गाबाई भागवत हा खांब बघायला गेल्या, त्याच्यावर लिहीत बसल्या, आणि 'पैस' या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार घेऊन मोकळ्या झाल्या. एका दगडाकडे निरखून पाहिल्याचे परिणाम हे असे होतात. आपल्या मुलांवर ही वेळ येऊ नये म्हणून सहलसुद्धा नेहमी वॉटर पार्कला जाते.

इतिहासात सिंधू संस्कृतीला तोड नाही. मोहेंजोदडोचं स्नानगृह, नाचणारी मुलगी, दाढीवाला पुरोहित. चित्रं तयार मिळतात, कापायची आणि चिकटवायची. शिवाय मोहेंजोदडो पाकिस्तानात. सर कितीही कडक असोत, व्हिसा काढून खातरजमा करायला जाणार नाहीत. नेवाशाचं तसं नाही. कोणीही गाडीला किक मारून तासाभरात जाऊन येईल. तिथं १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया आणि त्यांचे सहकारी प्रवरेकाठी खणत होते. वरच्या थरापासून खाली उतरत गेले आणि मध्ययुग, सातवाहन, ताम्रपाषाण करत थेट अश्मयुगाला जाऊन भिडले. रोमन व्यापाराची खूण सांगणाऱ्या मद्यकुंभांची खापरं सापडली. म्हणजे भूमध्य समुद्राकाठची दारू या तालुक्यात तेव्हाच पोचली होती. बाकी गोष्टींना उशीर झाला, एवढंच. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावलेली, आणि आत मूल. आईबापांनी त्याला घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ते दुःख १९६० साली छापलेल्या जाडजूड अहवालात आहे, आणि त्यावर अजून कोणाचा डिंक लागलेला नाही. बरंच आहे म्हणा. दहावीच्या मुलाला असलं काही कळलं, तर तो रात्री घरी जाऊन धाकट्या बहिणीच्या अंथरुणाशी उगाच बसायचा. त्यापेक्षा स्नानगृह बरं, लांबी-रुंदी लिहिली की झालं.

निसर्गाची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण प्रकल्पवहीचा खरा पराक्रम तिथंच आहे.

शुक्रवारी सकाळी बाजारात मी एका नववीतल्या मुलाच्या मागे उभा होतो. बाप एक म्हैस बघत होता. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, म्हणत होता, दुसरं वेत आहे, डोळे झाकून घ्या. पोरानं पुढं होऊन म्हशीचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबला, दात पाहिले, हात शर्टाला पुसला आणि बापाच्या कानाशी लागला, "दात जुळल्यात आण्णा. अन् शिंगं साळलीत. वळ्या दिसंनात." एवढ्या चार शब्दांत त्यानं म्हशीचं वय, तिची वेतं आणि हेड्याचं चारित्र्य मांडून ठेवलं. म्हैस विते तशी शिंगावर वळी उमटते असं जाणती माणसं धरून चालतात, म्हणून विकणारा ती शिंगं काचेनं घासून गुळगुळीत करतो. मग बापानं खांद्यावरचा टॉवेल हातावर घेतला, हेड्याचा हात त्याखाली गेला, आणि भाव बोटांनी ठरू लागला. कोणतं बोट धरलं, किती बोटं धरली, ती हजार की शंभर, हे दोघांनाच कळणार. भोवती वीस माणसं उभी, एकाला पत्ता नाही. हेडी हसत होता, बाप मान हलवत होता, आणि पोराची नजर टॉवेलवर नव्हती, ती बापाच्या कोपराकडे होती. कोपर जरा मागं आलं की सौदा मोडायला लागला, हे त्याला ठाऊक होतं. सौदा मोडला.

त्याच पोराची वही मी नंतर पाहिली. विषय 'माझा आवडता प्राणी'. प्राणी वाघ. वाघ हा मांसाहारी प्राणी आहे. वाघाला चार पाय असतात. वाघ आपला राष्ट्रीय प्राणी आहे, त्याचं संरक्षण ही काळाची गरज आहे. अक्षर मोत्यासारखं. वाघाचे दात किती, हे लिहिलेलं नव्हतं. ओठ दाबायला वाघ मिळाला नसावा. गुण पैकीच्या पैकी. बाजारात त्यानं जे दाखवलं त्याला गुण द्यायचे तर कोणत्या रकान्यात देणार? मूल्यमापनाच्या तक्त्यात 'शिंगं साळलेली ओळखणे' अशी क्षमता नाही. मुलाचाही याबद्दल काही गैरसमज नाही. बाजारात येतं ते ज्ञान नव्हे, ते नुसतं येतं.

निसर्गाच्याच गठ्ठ्यात जागतिक तापमानवाढ आहे, आणि तिच्या मुखपृष्ठावर बर्फाच्या तुकड्यावर उभं राहिलेलं एकटं पांढरं अस्वल. हे अस्वल इथल्या प्रत्येक मुलाच्या ओळखीचं. घरी मात्र अवकाळीनं भिजलेला कांदा चाळीत सडतोय, बाप रोज हात घालून वास घेतोय, आई काळे पडलेले वेचून उकिरड्यावर टाकतेय. त्याला कोणी तापमानवाढ म्हणत नाही. त्याला यंदाचं वाटोळं म्हणतात. वाटोळ्यावर प्रकल्प होत नाही. अस्वलावर होतो.

एका मुलीनं मध्यंतरी नियम मोडला. निसर्ग आणि अर्थशास्त्र यांची सांगड घालते म्हणाली. तिनं वहीत कांदा विकल्याची पट्टी चिकटवली, खरीखुरी, बापाच्या खिशात चुरगळलेली. किती गोण्या, वक्कल कोणतं, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, वाराई आणि गाडीभाडं वजा जाता काय उरलं. बाजूला एक नंबर, दोन नंबर, गोल्टी आणि जोड कांद्याचे नमुने काढले होते. व्यापारी गोणी ओतल्यावर मूठभर कांदा उचलतो, एक दाबतो, आणि तेवढ्या वेळात चार महिन्यांची किंमत ठरते, असं तिनं स्वतःच्या वाक्यात लिहिलं होतं. स्वतःच्या वाक्यात! पुढच्या पानावर ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली, पण उठताना ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान भाव लावून उठली, अशी टिपणं. त्याखाली २०२३ च्या फेब्रुवारीतली बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची हकिगत: सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा, किलोला १ रुपया, ५०९ रुपये ५० पैसे खर्च वजा, आणि हाती २ रुपयांचा धनादेश. तोही पुढच्या तारखेचा. निष्कर्षाची जागा कोरी होती. अजून कळलं नाही, असं पेन्सिलीनं लिहिलं होतं.

सरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे दीडेकशे वह्या, मतदार याद्या, पोषण आहाराची नोंदवही आणि सारखी बंद पडणारी ऑनलाइन माहिती. त्यांनी समजुतीनं शेरा दिला: निष्कर्ष नाही, चित्रे नाहीत, पुन्हा करा. मुलगी समंजस निघाली. दुकानात गेली आणि अस्वल घेऊन आली.

राहिलं तंत्रज्ञान. इथं 'मोबाइल: शाप की वरदान' हा विषय वर्षानुवर्षं चालला, आणि त्याचा निकाल नेहमी 'वापरावर अवलंबून' असाच लागला. शाप म्हणून लिहिलेली वहीसुद्धा मोबाइलवरून उतरवलेली असते, यात मला काही विसंगती दिसत नाही. अभ्यासपद्धतीच्या रकान्यात तसं लिहिता आलं असतं, एवढंच. जवळचा विषय नव्हता असं नाही. शिंगणापुरात यूको बँकेनं २०११ मध्ये कुलपाविना शाखा उघडली. घरांना दारं नाहीत, चोरी केली तर शनिदेव बघून घेईल, अशी श्रद्धा असलेल्या गावात बँकेनं आपली सुरक्षा कशी बसवली, हा प्रश्न इंजिनियरालाही रात्रभर पुरावा. पण ते पडलं घोडेगावच्या फाट्यावरून दिसण्याइतकं जवळ. मुलांनी त्यापेक्षा जपानचा रोबो घेतला.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यापासून तर दुकानातसुद्धा जावं लागत नाही. मध्यंतरी कोणाच्या तरी डोक्यात आलं की विषय 'माझे गाव' द्यावा. एका पोरानं फोनमध्ये 'घोडेगाव माहिती' टाकलं. फोननं पुणे जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं घोडेगाव काढून दिलं. घोड नदी, भीमाशंकरचं जंगल, हिरडा गोळा करणारे आदिवासी. पोरानं सगळं सुवाच्य उतरवलं. माझ्या गावाजवळून घोड नदी वाहते. माझ्या गावाला भरपूर पाऊस पडतो. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटेल म्हणून अख्खं घर वाट बघतंय, आणि पोरगं दिवाणखान्यात बसून लिहितंय की माझ्या गावाला भरपूर पाऊस पडतो. आजोबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं गाव दिसतंय. कुठंशी आलं?"

त्या वहीलाही चांगले गुण मिळाले. तपासणाऱ्यांना ती वाचून थोडा गारवा वाटला असेल, तर त्यात वावगं काय?

यंदाचे विषय वाटून झाले आहेत. साहित्याला कुसुमाग्रज, इतिहासाला सिंधू संस्कृती, निसर्गाला वितळणाऱ्या हिमनद्या, तंत्रज्ञानाला कृत्रिम बुद्धिमत्ता. वह्या शुक्रवारी जमा करायच्या होत्या. पण शुक्रवारी बाजार, निम्मी पोरं वर्गात नसतात. तेव्हा मुदत सोमवारपर्यंत वाढवली आहे.